कौटुंबिक प्रणय-विनोदी चित्रपट आणि प्रेक्षकांची मतभिन्नता : 'हम आपके हैं कौन..!' (१९९४) या चित्रपटाच्या संदर्भात

बीज शब्द : कौटुंबिक चित्रपट, प्रेक्षक, मतभिन्नता, नातेसंबंध, थट्टेची नाती, संमती.

प्रस्तावना :

चित्रपट ही समूहाने पाहावयाची कला आहे. एकाच अंधाऱ्या सभागृहात, एकाच पडद्याकडे पाहणारे शेकडो प्रेक्षक एकच चित्रपट पाहतात, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक प्रेक्षक आपले वय, लिंग, शिक्षण, आर्थिक स्थिती आणि कुटुंबातील आपले स्थान बरोबर घेऊन सभागृहात येतो. त्यामुळे एकाच कलाकृतीविषयी परस्परविरोधी मते निर्माण होतात. युद्धपट किंवा राजकीय चित्रपट यांच्या बाबतीत अशी मतभिन्नता अपेक्षित असते. परंतु ज्या चित्रपटात खलनायक नाही, हिंसा नाही, केवळ लग्नसमारंभ, थट्टामस्करी, गाणी आणि प्रेम आहे, अशा निरुपद्रवी भासणाऱ्या कौटुंबिक प्रणय-विनोदी चित्रपटाविषयीही तीव्र मतभेद का व्हावेत, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

राजश्री प्रॉडक्शन्सचा सूरज बडजात्या दिग्दर्शित 'हम आपके हैं कौन..!' हा हिंदी चित्रपट या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. ५ ऑगस्ट १९९४ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने लोकप्रियतेचे तोपर्यंतचे अनेक उच्चांक मोडले. त्याचे जगभरातील एकूण उत्पन्न शंभर कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे मानले जाते. मुंबईतील लिबर्टी चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. एकीकडे त्याला निकोप मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला. दुसरीकडे 'ही तर लग्नाची व्हिडिओ कॅसेट' अशी त्याची संभावनाही झाली. या दोन टोकांच्या मधील मतांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) सदर चित्रपटाविषयी व्यक्त झालेल्या अनुकूल व प्रतिकूल मतांचे स्वरूप समजून घेणे.
२) या मतभिन्नतेमागील सामाजिक व सांस्कृतिक कारणांचा शोध घेणे.
३) चित्रपटाची रचना आणि प्रेक्षकांची मते यांतील संबंध स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मूळ चित्रपट आणि त्यावरील उपलब्ध समीक्षा व संशोधन यांचा आधार घेतला आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी व कथानक :

हा चित्रपट राजश्रीच्याच 'नदिया के पार' (१९८२) या चित्रपटाची नवी आवृत्ती आहे. गोविंद मूनिस यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि सचिन व साधना सिंह यांच्या भूमिका असलेल्या त्या चित्रपटाला केशवप्रसाद मिश्र यांच्या 'कोहबर की शर्त' या कादंबरीचा आधार होता. कादंबरीत नायिकेचा विवाह प्रियकराच्या थोरल्या भावाशी होतो आणि कथा शोकांताकडे जाते. चित्रपटांनी हा शेवट बदलून सुखान्त केला. पूर्व उत्तर प्रदेशातील शेतकरी कुटुंबाची ही कथा १९९४ मध्ये उद्योगपतीच्या प्रशस्त बंगल्यात आली. मधल्या बारा वर्षांत, विशेषतः १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर, मध्यमवर्गाच्या आकांक्षा बदलल्या होत्या. बैलगाडीच्या जागी मोटार आली. कथेचा कणा मात्र तोच राहिला.

कथानक थोडक्यात असे : राजेश (मोहनीश बहल) आणि पूजा (रेणुका शहाणे) यांचा विवाह ठरतो. या विवाहाच्या निमित्ताने राजेशचा धाकटा भाऊ प्रेम (सलमान खान) आणि पूजाची धाकटी बहीण निशा (माधुरी दीक्षित) परस्परांच्या प्रेमात पडतात. पूजाला हे प्रेम समजते व ती त्याला मान्यता देते. परंतु इतरांना सांगण्यापूर्वीच जिन्यावरून पडून तिचा मृत्यू होतो. तिच्या तान्ह्या मुलाला आई मिळावी म्हणून दोन्ही घरांतील वडीलधारी मंडळी निशाचा विवाह राजेशशी ठरवितात. आपला विवाह प्रेमशी होत आहे अशा समजुतीने निशा होकार देते. सत्य कळल्यानंतर दोघेही प्रेमाचा त्याग करावयाचे ठरवितात. अखेरीस निशाचे प्रेमला लिहिलेले पत्र घरातील टफी नावाच्या कुत्र्यामुळे राजेशच्या हाती पडते आणि सर्व उलगडा होतो.

तीन तासांहून कितीतरी अधिक लांबीच्या या चित्रपटात चौदा गाणी आहेत. साखरपुडा, विवाह, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगांची मालिका म्हणजेच त्याचा बहुतांश भाग होय. कथेतील पहिले संकट येईपर्यंत चित्रपटाचा फार मोठा भाग उलटून गेलेला असतो. मतभिन्नतेची सुरुवात नेमकी या वैशिष्ट्यापासूनच होते.

अनुकूल मते :

चित्रपटाच्या चाहत्यांचे पहिले आणि सर्वांत व्यापक मत असे होते, की हा चित्रपट 'सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावा' असा आहे. या मताचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. १९८० च्या दशकात व्हिडिओच्या प्रसारामुळे आणि पुढे केबल दूरचित्रवाणीमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, चित्रपटगृहांपासून दुरावल्या होत्या. पडद्यावर सूडकथा आणि हाणामारी यांचे प्राबल्य होते. अशा वेळी आजीपासून नातवापर्यंत कोणालाही खाली मान घालावी लागणार नाही असा चित्रपट मिळणे, हीच अनेकांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. निर्मात्यांनी व्हिडिओ कॅसेट बाजारात आणण्याचे दीर्घकाळ टाळले. त्यामुळे चित्रपट पाहावयाचा तर चित्रपटगृहात जाणे भाग होते, आणि ते जाणेच एका कौटुंबिक समारंभासारखे झाले.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांनी दिल्लीतील प्रेक्षकांशी बोलून या चित्रपटाचा अभ्यास केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून एक महत्त्वाची बाब पुढे येते. हा चित्रपट आवडलेले प्रेक्षक पडद्यावरील कुटुंबाला वास्तव समजत नव्हते. कुटुंब जसे आहे तसे नव्हे, तर जसे असावे तसे येथे दाखविले आहे, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. चाहता प्रेक्षक भोळा असतो आणि टीकाकार डोळस असतो, हा सर्वसाधारण समज या निरीक्षणामुळे बाजूला सारावा लागतो.

दुसरे अनुकूल मत गाणी, नृत्ये व अभिनय यांविषयीचे आहे. रामलक्ष्मण यांचे संगीत, लता मंगेशकर यांचा स्वर आणि माधुरी दीक्षित यांचा पडद्यावरील सहज वावर यांसाठी अनेकांनी हा चित्रपट पुन:पुन्हा पाहिला. नृत्यदिग्दर्शनासाठी जय बोराडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ख्यातनाम चित्रकार म. फि. हुसेन यांनी हा चित्रपट अनेकदा पाहिला, माधुरी दीक्षित यांच्यावर चित्रमालिका केली आणि पुढे त्यांना घेऊन 'गजगामिनी' (२०००) हा चित्रपट निर्माण केला. म्हणजे कौटुंबिक मूल्यांशी फारसे कर्तव्य नसलेला प्रेक्षकही या चित्रपटाचा चाहता होऊ शकत होता.

प्रतिकूल मते :

प्रतिकूल मतांचे साधारणतः तीन प्रकार आढळतात.

पहिला आक्षेप कलात्मक स्वरूपाचा आहे. कथानकाचा अभाव, संघर्षाची उणीव, गाण्यांचा अतिरेक आणि योगायोगावर आधारलेला शेवट हे त्यातील मुद्दे होत. एका कुत्र्याने कथेची गाठ सोडवावी, हे अनेकांना हास्यास्पद वाटले.

दुसरा आक्षेप सामाजिक-राजकीय आहे. नाट्यसमीक्षक रुस्तम भरुचा यांनी १९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात या चित्रपटाची 'युटोपिया' म्हणजेच स्वप्नलोक या संकल्पनेच्या आधारे चिकित्सा केली. चित्रपटातील श्रीमंती कष्टाविना आलेली दिसते. नोकर घरच्यासारखे वागविले जातात, पण ते नोकरच राहतात. मिठाई, वस्त्रे, मोटारी व भेटवस्तू यांची रेलचेल म्हणजे नव्या बाजारपेठेची जाहिरात ठरते. १९९२-९३ च्या दंगलींनी होरपळलेल्या मुंबईत, त्यानंतर अवघ्या दीड वर्षाने प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातील निर्वेध सौख्य टीकाकारांना म्हणूनच अस्वस्थ करणारे वाटले. यावर चाहत्यांचे उत्तर असे, की ज्यांनी दंगलीचे दिवस पाहिले त्यांनाच अशा सौख्याची तहान अधिक होती. एकाच गोष्टीला एक गट पलायन म्हणतो, तर दुसरा विसावा म्हणतो.

तिसरा आक्षेप स्त्रीवादी दृष्टीचा असून तो सर्वांत मूलगामी आहे. निशा संगणकाचे शिक्षण घेणारी आधुनिक तरुणी आहे. परंतु या शिक्षणाचा तिच्या पुढील आयुष्याशी काहीही संबंध राहत नाही. घरातील तोंडाळ मामीला (बिंदू) तिचा पती थप्पड मारतो आणि त्यानंतर तिच्यात सुधारणा होते, असे दाखविले आहे. सभागृहात या प्रसंगी टाळ्या पडणे हे टीकाकारांच्या मते थपडेहूनही चिंताजनक होते. आणि बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या मुलासाठी निशाचा विवाह ठरविताना कोणालाही काही वावगे वाटत नाही, हा या आक्षेपाचा गाभा होय.

मतांचे अनेकत्व :

या दोन गटांपलीकडे जाणारी तिसरी भूमिकाही संशोधनात आढळते. शोहिनी घोष यांनी २००० मध्ये 'सोशल सायंटिस्ट' या नियतकालिकातील लेखात या चित्रपटाच्या दर्शनातून मिळणाऱ्या आनंदांच्या अनेकत्वाकडे लक्ष वेधले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डोहाळजेवणाचा प्रसंग. केवळ स्त्रियांच्या या समारंभात एक स्त्री पुरुषवेष धारण करून दिराची नक्कल करते, तर प्रेम हा गरोदर स्त्रीच्या वेषात अवतरतो. हाच प्रसंग एखाद्या आजीला तिच्या काळातील बायकांच्या गाण्याबजावण्याची आठवण करून देतो. एखाद्या तरुणाला तो केवळ माधुरीच्या नृत्यासाठी आवडतो. तर एखादा प्रेक्षक त्यात स्त्री-पुरुष भूमिकांच्या चौकटी क्षणभर सैल झाल्याचा आनंद घेतो. वामसी जुलुरी यांनीही १९९९ मध्ये या चित्रपटाच्या प्रेक्षक-प्रतिसादाचा अभ्यास करताना जागतिक व स्थानिक यांच्या मिलाफाचा मुद्दा मांडला.

परदेशातील भारतीयांनी हा चित्रपट आणखी वेगळ्या अंगाने पाहिला. १९९८ मध्ये ब्रिटनमधील 'तमाशा' या नाट्यसंस्थेने त्यावर आधारित इंग्रजी नाटक रंगभूमीवर आणले. 'चौदा गाणी, दोन लग्ने आणि एक अंत्यविधी' अशा अर्थाचे त्याचे नाव होते. त्या नावात एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटाच्या शीर्षकाची गंमतीदार छाया आहे. चित्रपटाची लांबण हा टीकेचा विषय, पण तोच जिव्हाळ्याने केलेल्या थट्टेचाही विषय होऊ शकतो, हे या नावावरून दिसते.

मतभिन्नतेचे मूळ : थट्टेची नाती आणि मौनाची नाती :

वरील मतांचा एकत्रित विचार करता असे दिसते, की वाद चित्रपटाच्या दर्जापेक्षा कुटुंबाच्या स्वरूपाविषयी आहे. याचे मूळ चित्रपटाच्या रचनेतच सापडते.

मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये 'थट्टेची नाती' ही संकल्पना मांडली. काही नात्यांत थट्टा करण्याची मुभा असते, किंबहुना ती अपेक्षितच असते. तर काही नात्यांत अदब व अंतर राखावे लागते. दीर-वहिनी, मेहुणा-मेहुणी, व्याही-विहीण ही भारतीय समाजातील थट्टेची नाती होत. बाप-लेक, सासरा-सून, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ ही अदबीची नाती होत. 'हम आपके हैं कौन..!' या शीर्षकातही नात्याचाच प्रश्न आहे. 'मी तुमचा कोण लागतो?' हे मराठी रूप त्याच्या अगदी जवळ जाते.

चित्रपटाचा पूर्वार्ध पूर्णतः थट्टेच्या नात्यांवर उभा आहे. नवरदेवाचे जोडे लपविणे, वरपक्ष-वधूपक्षाची चढाओढ, व्याह्या-विहिणींची गाणी, दिराची वहिनीशी मस्करी यांतून पात्रे मोकळेपणाने बोलतात. प्रेम आणि निशा यांचे प्रेमही याच मोकळेपणात उमलते, कारण थट्टेच्या पडद्याआड काहीही बोलता येते. उत्तरार्धात मात्र निर्णय अदबीच्या नात्यांकडे जातो आणि सर्वजण मुके होतात. निशाचा होकार घेतला जातो, पण तो कोणत्या वराविषयी आहे याची खातरजमा कोणी करीत नाही. प्रेम थोरल्या भावासमोर बोलू शकत नाही. नोकर लल्लूला (लक्ष्मीकांत बेर्डे) सत्य ठाऊक असते, परंतु मालकांना ते सांगण्याऐवजी तो कृष्णाच्या मूर्तीला साकडे घालतो. ज्यांना बोलण्याचा अधिकार आहे त्यांना सत्य माहीत नाही आणि ज्यांना सत्य माहीत आहे त्यांना बोलण्याचा अधिकार नाही. अशा घरात सत्य पोहोचविण्यासाठी शेवटी मुका प्राणीच लागतो. या दृष्टीने पाहता, टीकाकारांना हास्यास्पद वाटलेला कुत्र्याचा प्रसंग त्या कुटुंबाविषयी फार अचूक काही सांगून जातो.

प्रेक्षकांची मते नेमकी येथे दुभंगतात. ज्याने कुटुंबात थट्टेचा मोकळेपणा अनुभवला आहे, किंवा जो त्याला मुकला आहे, त्याला पूर्वार्ध हाच खरा चित्रपट वाटतो. ज्या व्यक्तीने, विशेषतः ज्या स्त्रीने, वडीलधाऱ्यांच्या निर्णयापुढे मौन पाळले आहे, तिला उत्तरार्ध विसरता येत नाही. एकाला ते मौन संस्कार वाटते, दुसऱ्याला अन्याय वाटतो. चित्रपट मात्र या दोहोंपैकी कोणतीही बाजू उघडपणे घेत नाही. तो मौनाचा गौरव करतो आणि त्याच वेळी ते मौन मोडल्याशिवाय सुखान्त होऊ शकत नाही, हेही दाखवितो. मूळ कादंबरीचा शोकान्त लक्षात घेतला असता या बदलाचे महत्त्व अधिकच जाणवते.

महाराष्ट्रातील प्रेक्षकांचा संदर्भ :

चित्रपट हिंदी व त्यातील चालीरीती उत्तर भारतीय असल्या, तरी मराठी प्रेक्षकांना तो परका वाटला नाही. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्मीकांत बेर्डे व प्रिया बेर्डे हे परिचित चेहरे त्यात होते. संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे मूळचे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार' (१९७५) पासून मराठी रसिकांना त्यांचे संगीत परिचित होते.

मात्र नातेव्यवहाराचा फरक येथे लक्षणीय ठरतो. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात उत्तर भारत व दक्षिण भारत यांच्या नातेव्यवस्थांतील भेद दाखवून महाराष्ट्र हा त्यांच्यामधील संक्रमणाचा प्रदेश असल्याचे प्रतिपादन केले. उत्तरेत वधू दूरच्या, अपरिचित घरी जाते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे. त्यामुळे दोन अपरिचित कुटुंबांनी प्रथमच एकमेकांना जोखण्याचा जो उत्साह चित्रपटात दिसतो, तो मराठी प्रेक्षकाला काहीसा नवा होता. मराठी लग्नातील वधूच्या भावाची कानपिळी, विहिणींचे रुसवे-फुगवे व उखाणे यांत थट्टेचा अंश आहेच. परंतु जोडे लपविण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक लग्नांत या चित्रपटाच्या काळानंतर अधिक दिसू लागली, असे निरीक्षण वारंवार नोंदविले जाते. याउलट पत्नीच्या निधनानंतर मुलांसाठी तिच्या बहिणीशी विवाह करण्याची रीत महाराष्ट्रातही जुनीच आहे. म्हणून उत्तरार्धातील पेच समजून घेण्यासाठी मराठी प्रेक्षकाला कोणत्याही स्पष्टीकरणाची आवश्यकता भासली नाही. अनेक घरांत अशी एखादी मावशी होती, जी पुढे आई झाली. तिला तेव्हा कोणी काय विचारले होते, हा प्रश्न चित्रपट पाहून परतताना काही घरांत तरी मनात आला असेल.

निष्कर्ष :

१) 'हम आपके हैं कौन..!' विषयीची मतभिन्नता केवळ अभिरुचीतील फरकामुळे निर्माण झालेली नाही. कुटुंबातील प्रेक्षकाचे स्थान व अनुभव यांचा तिच्याशी निकटचा संबंध आहे.

२) चित्रपटाचे चाहते त्याला वास्तव समजत होते, असे मानता येत नाही. आदर्श म्हणून त्याचा स्वीकार करणे आणि वास्तव म्हणून स्वीकार करणे या भिन्न गोष्टी आहेत.

३) श्रीमंतीचे प्रदर्शन, मामीला मारलेली थपड व निशाच्या संमतीचा प्रश्न याविषयीचे आक्षेप सबळ असून चित्रपटाच्या लोकप्रियतेमुळे ते निकाली निघत नाहीत.

४) थट्टेच्या नात्यांतील मोकळेपणा आणि अदबीच्या नात्यांतील मौन हे दोन्ही चित्रपटाच्या रचनेतच असल्याने दोन्ही प्रकारच्या मतांना त्यात आधार मिळतो.

५) कौटुंबिक प्रणय-विनोदी चित्रपटांचा अभ्यास करताना 'चित्रपट चांगला की वाईट' या प्रश्नाबरोबरच 'त्या घरात कोणाला बोलता येते आणि कोणाला नाही' हा प्रश्नही विचारणे उपयुक्त ठरते. कुटुंबाने एकत्र बसून चित्रपट पाहिला, तरी सर्वांनी एकच चित्रपट पाहिला असे होत नाही. घरी परतल्यावर त्याविषयी सर्वांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलणे, हे म्हणूनच एकत्र पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.